बाटली रोज घासते, तरी पाण्याला वास येतो. कुठे चुकतंय?

सिडकोवाली:

नमस्कार मंडळी,

प्रश्न चिल्लर आहे, पण तीन आठवडे डोक्याला भुंगा लागलाय.

गेल्या महिन्यात एका सोमवारी आमचे चिरंजीव (इयत्ता चौथी) शाळेतून आले, दप्तर फेकलं आणि म्हणाले, "आई, माझ्या पाण्याला बेडकाचा वास येतो." म्हटलं, बेडकाचा वास तू कधी घेतलास रे? तर म्हणे, "आज, मधल्या सुट्टीत." मी वॉटरबॅग उघडून नाकाशी धरली. बेडकाचं माहीत नाही, पण पावसाळ्यात मोरीच्या दाराशी चार दिवस ओलं पडलेलं पायपुसणं असतं ना, अगदी तसा वास. आणि ही बाटली मी रोज रात्री घासते हो! भांड्यांचं लिक्विड, लांब दांड्याचा ब्रश, सगळं साग्रसंगीत.

मग काय, घरातल्या सगळ्याच बाटल्या हुंगत सुटले. आमचे हे अंबडला कंपनीत आहेत, त्यांची लिटरभराची स्टीलची गार पाण्याची बाटली. तिला वास थोडा कमी, पण तळाशी पांढरा थर आणि त्यात तपकिरी ठिपके. ह्यांचं मत, गंज आहे, दुकानदाराने गंडवलं. माझी ऑफिसची प्लास्टिकची, तिला वास नाही, पण झाकणाच्या आट्यांत बोट फिरवलं तर बुळबुळीत.

चौथी सासूबाईंची तांब्याची. तिची कथा वेगळी. त्या भजनी मंडळाबरोबर वणीला गडावर गेल्या होत्या. माझ्या धाकट्या दिरांनी, मोठ्या प्रेमाने, त्यात लिंबू सरबत भरून दिलं. परतताना अर्ध्या वाटेत आईंनी ते प्यायलं आणि वणी ते दिंडोरी खिडकीबाहेर तोंड काढून आल्या. तेव्हापासून ती बाटली फळीवर उलटी पडलीय आणि दीर जेवताना मान वर करत नाहीत.

आतापर्यंत केलेले उपाय: गरम पाणी. गॅलरीत ऊन (पावसाळ्यात जेवढं मिळतं तेवढं). शेजारच्या काकूंनी सांगितलेले कच्चे तांदूळ घालून खळखळवणे. व्हिडिओत बघून व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतणे, ज्याने असा काही फेस उसळला की मुलाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बेडूक परत हजर.

कुठे चुकतंय?

आनंदीआनंद:

ताई, बाटली काय रुखवतात आली होती का? दोनशे रुपयांत नवीन मिळते. फेका आणि सुखी व्हा.

सिडकोवाली:

ह्यांची अकराशेची आहे. तुम्ही देताय का?

पायडल_मार:

ताई, फेकू नका, आधी एक काम करा. झाकण उलटं करा. आतल्या कडेला एक पांढरी किंवा पारदर्शक रबरासारखी रिंग दिसेल, कुकरच्या रिंगेचं पिल्लू म्हणा. ती बाहेर काढा आणि तिच्या मागची बाजू बघा. जेवण झाल्यावर बघू नका.

मी रविवारी पहाटे सायकलवर त्र्यंबकला जातो. नाशिकहून तीसेक किलोमीटर. दोन बाटल्या सायकलच्या पिंजऱ्यात. ही रिंग निघते हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. एकदा पेगलवाडी फाट्याला चहा पीत असताना मित्राने सहज नखाने उचकटून दाखवली. त्यानंतर मी चहा अर्धा टाकला.

सायकलवाल्यांचा आणखी एक त्रास आहे. पावसात पुढच्या चाकाने उडालेलं सगळं बाटलीच्या तोटीवर येतं आणि त्र्यंबक रोडला गुरं भरपूर, बाकी तुम्ही समजून घ्या. म्हणून मी आता टोपण असलेलीच तोटी घेतो आणि नियम केलाय की साखरेचं काहीही, ओआरएस असो की कोकम, एकाच बाटलीत. तिच्यावर मार्करने 'स' लिहिलंय. दुसरीत फक्त पाणी. 'स' बाटली घरी आल्यावर अंघोळीच्या आधी धुतली जाते. ती संध्याकाळपर्यंत राहिली की तोटीत काळे ठिपके पडायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

रिंग काढायला सेफ्टी पिन वापरू नका, चिरते. आइस्क्रीमच्या कपाबरोबर लाकडी चपटा चमचा येतो, तो बेस्ट.

सिडकोवाली:

तुमचा प्रतिसाद सेफ्टी पिन वापरून झाल्यावर वाचला.

आता ऐका. ह्यांच्या झाकणातली रिंग निघाली. समोरून पांढरीशुभ्र. मागून पाहिली तर पूर्ण गोलाई काळी, काजळासारखी, आणि एका जागी हिरवट चिकट काहीतरी. वास आला तो तिथूनच. म्हणजे मी वर्षभर बाटलीचं पोट घासत होते आणि घाण होती गळ्यात!

मग मुलाच्या वॉटरबॅगकडे मोर्चा. त्यात दाबलं की वर येणारी स्ट्रॉ आहे. तिच्यात कुठलाच ब्रश शिरेना. शेवटी परकरात नाडी ओवतो तशी आयडिया केली: जाड दोऱ्याच्या मधोमध जुन्या मलमलीची चिंधी बांधली, दोऱ्याचं टोक स्ट्रॉमधून ओघळत्या पाण्याबरोबर खाली सोडलं आणि दुसऱ्या बाजूने ओढलं. चिंधी आत गेली पांढरी, बाहेर आली करडी-गुलाबी. शेवाळ्यासारखा एक तुकडा बेसिनमध्ये पडला. मुलगा म्हणाला, "बघ, बेडूक." पोरगं खोटं बोलत नव्हतं.

चार वेळा ओढल्यावर चिंधी स्वच्छ आली. पण हे परत होऊ नये म्हणून काय? आणि गंजाचं काय?

मेरीजवळचा_केमिस्ट:

तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासण्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल, माफी असावी.

आधी वासाचं. बाटलीत जंतू पाण्यातून कमी आणि आपल्या तोंडातून जास्त येतात. तोंड लावून प्यायलं की दर घोटाला थोडी लाळ मागे जाते. आपल्याकडे भांड्याला तोंड न लावता वरून पाणी प्यायची पद्धत होती, 'उष्टं करू नकोस' म्हणून आजी ओरडायची. आजीला सूक्ष्मजीवशास्त्र ठाऊक नसेल, पण मुद्दा तिचाच बरोबर होता. हे जंतू ओलसर जागी चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. बुळबुळीत लागतं ते हेच, त्याला बायोफिल्म म्हणतात. साबणाचं पाणी नुसतं खळबळून ते निघत नाही, त्याला रगडावंच लागतं. ब्रश पोचत नाही तिथे, म्हणजे रिंगेमागे, आट्यांत, स्ट्रॉमध्ये, त्यांचा संसार सुखात चालतो. गुलाबी थर बहुधा सेरेशिया नावाच्या जिवाणूचा असतो, बाथरूमच्या फरशीच्या सांध्यातही तोच दिसतो. काळं असतं ती बुरशी.

आता एक गोष्ट, जी लोकांना पटत नाही. तुम्ही बाटलीत आरओचं पाणी भरता का? नळाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन देऊन सोडतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. तो वाटेतला राखणदार. घरच्या फिल्टरमधला कार्बन त्यालाच पहिला बाहेर काढतो. मग चव छान लागते, पण बाटलीत नंतर शिरलेल्या जंतूंना अडवायला कोणी उरत नाही. आरओ वाईट असं मी म्हणत नाही, आमच्याकडेही आहे. मात्र ते पाणी बाटलीत शिळं करू नये. रात्री उरलेलं झाडांना, सकाळी ताजं.

व्हिनेगर आणि सोडा. ताई, एक आम्ल आणि दुसरा अल्कली. एकत्र ओतले की दोघं एकमेकांना गिळतात. टाळ्या मिळवणारा फेस कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं जवळपास निरुपद्रवी, निरुपयोगी पाणी. दोन्ही चांगले आहेत, फक्त वेगवेगळ्या दिवशी. वास आणि चहा-दुधाचा तेलकटपणा काढायला सोडा: कोमट पाण्यात एक मोठा चमचा, रात्रभर. पांढऱ्या थराला आम्ल.

तो पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात का? नाशिकच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. तपकिरी ठिपके बहुतेक वेळा त्याच थरात अडकलेल्या लोहाचे असतात. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं. लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा घालून तासभर ठेवा, झाकण न लावता. (सोडा असो की आम्ल, गरम पाणी भरून झाकण घट्ट लावायचं नाही. आत दाब वाढतो आणि झाकण उडतं.) मग ओतून, ब्रश मारून, मोबाईलचा टॉर्च आत टाकून बघा. तळ गुळगुळीत चकचकीत दिसला तर दुकानदार निर्दोष. सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर स्टील खरंच खाल्लं गेलंय.

ते खड्डे कशाने पडतात, तेही सांगतो. बाटलीच्या बुडाशी १८/८ किंवा ३०४ लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिपातळ थर बनतो, तोच गंज अडवतो. क्लोराइड, म्हणजे ब्लीच किंवा मिठाचं पाणी, बराच वेळ राहिलं की तो थर जागोजाग फुटतो. म्हणून स्टीलच्या बाटलीत ब्लीच नाही, मिठाचं पाणी रात्रभर नाही, तारेची घासणी तर नाहीच नाही.

प्लास्टिकच्या बाटलीला आणि सुट्या रिंगेला ब्लीच चालतं: सुमारे पाच टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच, लिटरभर पाण्यात एक लहान चमचा, दहा मिनिटं, नंतर तीन पाण्यांनी धुणं. आणि ब्लीच असताना व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व त्या मोरीतसुद्धा नको. क्लोरीन वायू सुटतो. प्रयोगशाळेत एकदा एका नवशिक्याने हे केलं होतं, आम्ही सगळे पंधरा मिनिटं खोकत व्हरांड्यात उभे होतो.

सिडकोवाली:

केमिस्टकाका, साष्टांग नमस्कार. बोअरचं पाणी मिसळतात, मार्चपासून. आजच लिंबूसत्त्व आणते.

आनंदीआनंद:

दोनशेच्या बाटलीसाठी एवढं रसायनशास्त्र! मी अजूनही म्हणतो, फेका.

हॉस्टेल_खोली_११:

काका, मी दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरतो. सहा महिने झाले. मी जिवंत आहे. 😅

मेरीजवळचा_केमिस्ट:

बाळा, जिवंत आहेस याचा आनंद आहे. बुडाशी त्रिकोणात १ लिहिलंय ना? ते पेट नावाचं प्लास्टिक. सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणजे कडक पाण्याने धुता येत नाही. तोंड अरुंद, ब्रश जात नाही. तांदूळ घालून हलवलंस तर आत चरे पडतात आणि चऱ्यांत पुन्हा तेच बिऱ्हाड. इथे मात्र आनंदीआनंद यांचं म्हणणं लागू: भंगारवाल्याला दे आणि रुंद तोंडाची घे.

भांडीबाजार_नाशिक:

तांब्याच्या बाटलीवर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आमचं तीन पिढ्यांचं तांब्या-पितळेचं काम.

वहिनी, तुमच्या सासूबाईंना झालं त्याला जुना शब्द आहे: सरबत कळकलं. ताक, चिंच, लिंबू, आंब्याचं पन्हं, काहीही आंबट तांब्या-पितळेत ठेवलं की ते धातू ओढून घेतं आणि मळमळ, उलटी ठरलेली. म्हणूनच स्वयंपाकाच्या पितळी पातेल्याला आतून कल्हई लावायचे. पाण्याच्या तांब्याच्या भांड्याला लावत नाहीत, कारण तिथे पाण्याला तांबं लागायलाच हवं असतं. आता कल्हईवाल्याची आरोळी गल्लीत ऐकू येत नाही, त्यामुळे हा फरकही लोक विसरले. दिराला माफ करा, त्याची चूक नाही.

बाटली वाया गेली नाही. सुपारीएवढी चिंच भिजवून कोळ काढा, चमचाभर जाडं मीठ, थोडं पाणी, आत घालून दोन मिनिटं खळखळवा. आतून नव्या पैशासारखा गुलाबी रंग आला की लगेच ओता. जास्त वेळ ठेवू नका, ज्याने सरबत कळकलं तेच आम्ल इथेही आहे. तीन-चार वेळा धुऊन उलटी ठेवा, पूर्ण कोरडी होऊ द्या. आत काळपट तपकिरी रंग येतो त्याला घाबरायचं नाही. हिरवा-निळा दिसला तर मात्र साफ केल्याशिवाय पाणी प्यायचं नाही.

गिऱ्हाईक विचारतात, तांब्यात जंतू मरतात ना, मग धुवायचं कशाला? तांब्याला रात्रभर पाणी लागलं की जंतू कमी होतात हे खरं. पण झाकणातली रिंग कुठे तांब्याची आहे? ती सिलिकॉनचीच. आणि तोंड लागतं ती कड तर बाहेरच असते. गंगेचं पाणी भरलेला झाळलेला गडू देवघरात वर्षानुवर्षं राहतो, कारण तो कोणी उष्टा करत नाही. बाटलीचं तसं नाही.

पायडल_मार:

'सरबत कळकलं'! आमची आजी म्हणायची, बऱ्याच वर्षांनी हा शब्द ऐकला. 🙏

सिडकोवाली:

मंडळी, दहा दिवसांचा अहवाल.

ह्यांची बाटली: लिंबूसत्त्वाने तळ असा निघाला की ह्यांना टॉर्च मारून दाखवला. खड्डे नाहीत. दुकानदाराची क्षमा मनातल्या मनात मागितली गेली. रिंग मात्र माझ्या सेफ्टी पिनेने चिरली होती, बाटली आडवी केली की थेंब गळायचा, आणि कंपनीच्या बॅगेत हजेरीकार्ड भिजलं. जुनी रिंग रुमालात गुंडाळून मेन रोडला गेले. कुकरच्या रिंगा, मिक्सरचे वायसर विकणारा एक माणूस बसतो. त्याने ती बोटावर फिरवली आणि म्हणाला, "वहिनी, बाटलीची रिंग पहिल्यांदाच कोणी मागतंय." डबा उपसला, एक जवळपास बसणारी निघाली, तीस रुपये. पण ती काळ्या रबराची, पाण्याला टायरचा वास. परत दिली. शेवटी बाटलीच्या कंपनीच्या वेबसाइटवर सुटी मिळाली, दोनचा संच. एक लावली, एक देवघराच्या खणात, जिथे घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या वस्तू हरवतात.

तांब्याची: चिंचेने गुलाबी झाली. सासूबाई म्हणाल्या, "दिसते छान." पीत मात्र नाहीत अजून. तिच्यात सध्या तुळशीचं पाणी असतं.

रोजचं आता असं आहे: रात्री झाकण वेगळं, बाटली वेगळी, दोन्ही तारेच्या मांडणीवर उलटी. झाकण लावून ठेवत नाही, हे सगळ्यात मोठं पथ्य. आधी मी ओल्या बाटलीला टोपण लावून कपाटात नीट ठेवायचे, टापटीप म्हणून! रविवारी सगळ्या रिंगा काढून कोमट साबणाच्या पाण्यात. त्या वाटीत चार रिंगा तरंगताना बघून मुलगा म्हणतो, "आज कांद्याची भजी."

आता नवीन प्रश्न. काल चिरंजीव वर्गातल्या कोणाची तरी सेम टू सेम निळी वॉटरबॅग घेऊन आले. आमची त्या मुलाच्या घरी गेली असणार. मला राहवलं नाही, रिंग उचकटून पाहिली. आमच्यापेक्षा भयंकर. स्ट्रॉबद्दल लिहीत नाही. मी ती पूर्ण साफ केली, चिंधी सहा वेळा ओढली, वाळवली. आज सकाळी मुलाच्या हाती परत पाठवली.

आता त्या मुलाच्या आईला सांगू की नको? शाळेच्या गेटवर रोज भेटतो आम्ही.

भांडीबाजार_नाशिक:

वहिनी, सांगू नका. हा धागा तिला फॉरवर्ड करा.

आनंदीआनंद:

अहो, पण धाग्यात तिच्याच बाटलीचं वर्णन आहे ना.

सिडकोवाली:

अरे देवा. फॉरवर्ड केला हो आत्ताच.